कुत्रं कुणाच्या दारचं

आमचं कुत्रं जावेच्या घरात झोपायला लागलं, हे आमच्या अंगणात सगळ्यात शेवटी मला कळलं. मालकांना माहीत होतं, भावजींना तर असणारच. मला दिसलं ते एका सकाळी, गोठ्यापुढच्या लेंड्या झाडताना. जावेच्या दाराची कडी वाजली, दार उघडलं आणि तिच्याआधी कुत्रं बाहेर आलं. उंबऱ्यावर उभं राहून त्याने अंग ताणलं, मोठी जांभई दिली आणि मग माझ्याकडे बघून शेपूट हलवलं. घरच्या माणसाने पाहुण्याकडे बघून हसावं, तसं.

मी खराटा खाली ठेवला नाही. झाडत राहिले. त्या दिवशी अंगण जरा जास्तच स्वच्छ निघालं.

आमची वाडी भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरात आहे. एसटी फाट्यापर्यंत येते, तिथून चालत यायचं. घरं दोन, अंगण एक. आमचं कौलारू घर आणि त्याला लागून शेळ्यांचा गोठा, समोर धाकट्या दिराचं नवं स्लॅबचं घर. भावजी पुण्यात कंपनीत होते. कंपनीतलं काम सुटलं, लेकीचं लग्न होऊन गेलं होतं, तेव्हा दोघं नवरा-बायको गावी राहायला आली. जाऊ मला अक्का म्हणते. स्वभावाने चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यात ती चांगलीच दिसेल आणि मला त्याचा राग येईल.

कुत्रं मी आणलेलं. वेल्ह्याच्या बाजूला डोंगरावर एका धनगराच्या घरी शेळी बघायला गेले होते. शेळी पसंत पडली नाही, पिल्लू पडलं. काळं, छातीवर पांढरा ठिपका, पंजे अंगापेक्षा मोठे. पदरात घालून निघाले. एसटीत कंडक्टरने विचारलं, "मावशी, पदरात काय हाय?" मी म्हटलं, "भाकरी." तेवढ्यात भाकरी ओरडली. सगळी एसटी हसली आणि कंडक्टरने तोंड फिरवलं. त्याच्या घरीही असणार एखादं.

घरी आल्यावर ते माझ्या मागे मागे चुलीपर्यंत आलं. मी हातातली फुंकणी त्याच्या नाकाच्या शेंड्याला टेकवली आणि म्हटलं, "हाड." पुन्हा उंबऱ्यावर पाय आला, पुन्हा "हाड." एका सकाळचं काम. त्यानंतर त्याने आमचा उंबरा कधी ओलांडला नाही. पाऊस असो, फटाके असोत, घरात मटण शिजत असो. पुढचे दोन पंजे उंबऱ्याच्या अलीकडे, आखल्यासारखे नेमके. येणारे-जाणारे कौतुक करायचे. म्हणायचे, पोरं ऐकत न्हाईत एवढं कुत्रं ऐकतंय. मला बरं वाटायचं.

नाव काही ठेवलं नाही. घरात एकच कुत्रं असल्यावर नाव कशाला लागतं? बोलवायचं तर "यू यू", घालवायचं तर "हाड". दोन शब्दांत आमचं नीट चाललं होतं.

आता बाहेर म्हणजे कुठे, तेही सांगायला हवं. कारण जाऊ म्हणते तसं मी त्याला उघड्यावर टाकलेलं नव्हतं. अंघोळीचं पाणी तापवायची आमची चूल परसात, छपराखाली आहे. रात्री तिच्यात राख असते आणि राखेखाली ऊब. थंडीत ते तिथे झोपायचं, सकाळी पांढरं होऊन उठायचं. पावसात पेंढ्याच्या गंजीच्या पोटात त्याने स्वतःच भोक करून घेतलं होतं. उन्हाळ्यात फणसाखाली. कधी बांधलं नाही. जनावरांचे डॉक्टर आले की पहिलं इंजेक्शन त्याला, मग शेळ्यांना. दोन्ही वेळची भाकरी ताजी. शेवटच्या उरल्या पिठाची जी लहानशी भाकरी थापतात, तिला आम्ही चानकी म्हणतो. ती पूर्वी पोरांची असायची. पोरं पुण्याला गेली, चानकी कुत्र्याची झाली.

पुण्यात पोराकडे गेले की मी तिथली कुत्री बघते. गॅलरीत बांधलेली, खालच्या रस्त्याकडे बघत दिवस काढणारी. ती घरात असतात म्हणे. आणि नसरापूरच्या बाजारात जाताना बंगल्यांच्या फाटकाला साखळीने बांधलेली दिसतात, ऊन आलं तरी साखळी सावलीपर्यंत पोचत नाही. ती बाहेर असतात. मला विचाराल तर दोन्ही सारखीच. कुत्र्याला छप्पर पाहिजे, भाकरी पाहिजे, काम पाहिजे आणि मोकळे पाय पाहिजेत. एवढं असेल तर ते दाराच्या कुठल्या बाजूला झोपतं याने काही बिघडत नाही. हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

जाऊ आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "अक्का, हा झोपतो कुठं?"

"हा कोण?"

"हा ओ. कुत्रा."

आमच्याकडे कुत्रं 'ते' असतं. तिने त्याचं 'तो' केलं. मग नाव ठेवलं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. बिस्किटाच्या पुड्यावर शोभेल असं आहे. पण ते नाव तिने अंगणाच्या त्या टोकावरून नुसतं पुटपुटलं तरी कुत्र्याचे कान उभे राहायचे. माझ्या "यू यू"ला मात्र ते आता जरा विचार करून यायला लागलं.

आधी तिने दाराबाहेर पोतं टाकलं. मग पोत्यावर जुनी गोधडी आली. मग गोधडी दाराच्या आत गेली, आणि गोधडीमागे कुत्रं.

त्या सकाळनंतर दोन दिवस मी अंगण दोन-दोनदा झाडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी आमच्या ओट्यावर तांदूळ पाखडत होतो. भावजी आणि मालक बाजेवर बसले होते. मी सुपावरची नजर न काढता विचारलं, "त्याला आत घेतेस व्हय गं?"

"थंडी किती पडलीय, अक्का."

"थंडी काय यंदाच पडली? त्याच्या अंगावर केस हायत."

"केस शेळ्यांनाबी हायत. त्यांना तुमी गोठ्यात घेता, वर दार लावता."

"शेळ्या इकायच्या असत्यात."

भावजी बाजेवरून म्हणाले, "म्हंजे वयनी, ज्याला इकायचं न्हाई त्यानं बाहेर झोपायचं? मग दादाला कुटं झोपवता?"

"मला पडवीत," मालक म्हणाले. "आन् मला चानकीबी मिळत न्हाई."

दोघे भाऊ हसत बसले. जाऊही हसली. मीही हसले, पण सुपातले खडे जरा जोरात फेकले.

"घरात केस पडत्यात," मी म्हटलं. "जेवणात येत्याल."

"मी झाडते की रोज."

"घाण करील."

"करत न्हाई. शहाणा हाय तो. तुमीच शिकवलंय."

भांडायला आलेल्या माणसाच्या हातात कुणी गुळाचा खडा ठेवावा, तसं झालं.

खरं सांगायचं तर केसांचा आणि घाणीचा प्रश्नच नव्हता. घर तिचं, झाडायचं तिने. मला लागलं होतं ते वेगळंच. दिवसभर कुत्रं माझ्याबरोबर असायचं. शेळ्या घेऊन माळावर गेले की पुढे ते, मधे शेळ्या, मागे मी. एखादी शेळी कुणाच्या शेतात शिरली तर मी तोंड उघडायच्या आधी ते तिला वळवून आणायचं. पण उन्हं कलली की त्याची चाल बदलायची. शेळ्या गोठ्यात गेल्या, कडी लागली, की ते माझ्याकडे बघायचंही नाही. कामावरून सुटलेल्या माणसासारखं सरळ अंगण ओलांडायचं. कामाला मी आणि घर मात्र ती.

आणि ती काय करायची? काही नाही. उंबऱ्यात पाय पसरून बसायची. ते तिच्या पायांवर हनुवटी ठेवायचं. ती त्याच्या कानामागे खाजवत दिवसभराचं बोलायची. आज काय भाजी केली, लेकीचा फोन आला की नाही, टाकीचं पाणी कधी गेलं. कुत्र्याला! मी चुलीपुढून ते ऐकायचे. भाकरी करपायची. मला त्याच्याशी असं बोलावंसं कधी वाटलं नव्हतं. पण ती बोलते आणि ते ऐकतं, हे मला बघवत नव्हतं.

मग एक दिवस चानकी तशीच राहिली. मी रोजच्यासारखी परसातल्या दगडावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मुंग्या लागलेल्या. जाऊ त्याला दूध-चपाती घालत होती. चपाती! मी त्या दिवसापासून चानकीला तूप लावायला लागले. मालकांनी एकदा ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "कुत्र्याच्या भाकरीला तूप, आन् माझी कोरडी?"

"तुमी कुटं जाणार हाय मला सोडून?" मी म्हटलं.

तूप लावलेली चानकी ते खायचं. दगडापाशी उभं राहून, दोन घासांत. आणि तोंड पुसून जावेकडे. मी हाडं ठेवली, अंडं ठेवलं. सगळं खाल्लं. राहिलं नाही.

भातं काढून, झोडून झाली आणि वाघ आला. आमच्याकडे बिबट्यालाच वाघ म्हणतात. आधी ओढ्याकाठी ठसे दिसले. मग खालच्या वाडीत एका घरासमोर बांधलेलं कुत्रं गेलं. सकाळी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. खुंटा जागेवर, खुंट्याला साखळी, साखळीला पट्टा, आणि पट्ट्यात काही नाही. त्या घरची बाई पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, की ओरडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. वनखात्याची माणसं आली, ठसे बघून गेली आणि वाडीवाडीत सांगून गेली. दिवस मावळायच्या आत जनावरं आत घ्या, लहान पोरं आत घ्या, कुत्री आत घ्या.

परत येताना जाऊ माझ्याशेजारून चालत होती. ती काहीच बोलली नाही. "बघा, मी म्हणत होते," असं तिने एकदा म्हटलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. तिने तेवढंही केलं नाही.

ते बांधलेलं होतं म्हणून गेलं, असं मी मालकांना म्हटलं. आपलं मोकळं असतं, पळेल. मालक म्हणाले, "वाघ काय त्याच्यासंगं शिवणापाणी खेळाय येतोय?" मलाही ते कळत होतं. पूर्वी कुत्रं बाहेर झोपायचं तेव्हा वाघ डोंगरात असायचा. आता तो उसातून, ओढ्यातून घरामागे येतो. मत बदललं नाही तरी दिवस बदलले होते. कुत्रं आत घ्यायला हवं, हे मी मान्य केलं. मग ते माझ्या घरात घेईन, असं ठरवलं. तिच्या का म्हणून?

आधी गोठ्याचा विचार केला. शेळ्यांबरोबर कोंडलं तर एका कडीत दोन्ही कामं. एक रात्र करून पाहिलं. बाहेर पान हललं की ते भुंकायचं आणि शेळ्या बिथरायच्या. सकाळी एक करडू पायाखाली येऊन लंगडत होतं. गोठा बाद. पडवीला जाळी ठोकायची म्हणून नसरापूरच्या वेल्डरला फोन केला. "येतो की," तो म्हणाला. अजून येतोच आहे.

राहिलं घर. दिवेलागणीच्या वेळी मी आमचं दार पूर्ण उघडलं. पुढच्या खोलीत पोतं अंथरलं, त्यावर माझी शाल. पोत्यावर चानकी. कुत्रं शेळ्यांमागून आलं आणि निघालं आपलं अंगण ओलांडायला. मी दारातून म्हटलं, "यू यू."

ते आलं. उंबऱ्यापाशी थांबलं.

"ये. आत ये."

त्याने माझ्याकडे बघितलं. शेपूट खाली गेलं. पुढचे पंजे उंबऱ्याच्या अलीकडे नेमके टेकवून ते बसलं.

"अरं ये की आत. ये."

ते झोपलं. हनुवटी जमिनीला. मी चानकी उचलून त्याच्या नाकासमोर धरली आणि मागे सरकले. त्याची मान लांबली, पंजे हलले नाहीत. मी मानेची कातडी धरून ओढलं तर ते अंग टाकून देऊन पाठीवर झालं, चारी पाय वर. गुन्हा कबूल केल्यासारखं. कसला गुन्हा, मी त्याला बोलवत होते! पण "आत ये" हे माझ्या तोंडून त्याने कधी ऐकलंच नव्हतं. माझ्या तोंडून या दारात एकच शब्द निघतो, हे त्याला पक्कं माहीत. ते मी नीटच शिकवलं होतं आणि त्यात मला आजही काही चूक दिसत नाही.

अंगणात तिघेही उभे होते. भावजी म्हणाले, "वयनी, फुंकणी घरात ठिवून बोलवा, कदाचित यील."

"गप बसा ओ," जाऊ त्यांच्यावर डाफरली. मग तिने माझ्याकडे बघितलं. अंधारून येत होतं, ओढ्याच्या बाजूला टिटवी ओरडायला लागली होती. तिला त्याला हाक मारायची होती आणि माझ्यामुळे ती थांबली होती. ते माझ्या दारात, उघड्यावर, पाठीवर पडलेलं.

"मार हाक," मी म्हटलं. "माझ्याकडं काय बघतेस?"

तिने ते बिस्किटाचं नाव घेतलं. कुत्रं उठलं, अंग झटकलं आणि तिच्या उंबऱ्यावरून आत गेलं. त्या उंबऱ्याचा त्याला काही अडथळाच नव्हता. मी शाल उचलून झटकली. चानकी मालकांनी खाल्ली.

थंडी संपत आली तेव्हा भावजींना जुन्या ओळखीने पुण्यात परत काम मिळालं. दोघं परत निघणार असं ठरलं. मला आधी बरं वाटलं. कुठे जातील, काय करतील, हा विचार नंतर. घराला कुलूप लागलं की कुत्र्याला दुसरं दार उरणार नाही, हा पहिला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की मग ते झोपेल कुठे. वाघ अजून होताच. मधल्या काळात वरच्या वाडीतलं एक कुत्रं आणि दोन शेळ्या गेल्या होत्या.

निघायच्या आधी जाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसली. बराच वेळ तिने पदराशी चाळा केला. मग म्हणाली, "अक्का, त्याला न्हेऊ का?"

मी लसूण सोलत होते. "इचारतेस कशाला? तुझंच झालंय ते."

हा टोमणा होता. आमच्या घरात कुठलीही बाई असं म्हणाली की समोरचीने, "अहो अक्का, असं काय बोलता, तुमचंच हाय," म्हणायचं असतं. पण ती एवढी वर्षं पुण्यात राहिलेली. तिने होकार समजला. डोळे पुसून म्हणाली, "मी लई जपीन त्याला." आणि उठून गेली. मी लसणाची पाकळी हातात धरून बसले. आता मागे जाऊन "अगं, मी टोमणा मारला होता" हे कुठल्या तोंडाने सांगणार?

रात्री मालकांना म्हटलं, "तिसरा मजला हाय म्हणं. त्याला जिना तरी येतोय का चढाय?"

"वाघ न्हाई ना तिथं," मालक म्हणाले.

"पुन्हा शेळ्यामागं कोण?"

"दुसरं पिल्लू आण की एसटीतनं."

मी कूस बदलली.

सकाळी टेम्पो अंगणापर्यंत आला. गाद्या, कपाट, भांड्यांच्या गोण्या चढल्या. जाऊ ड्रायव्हरशेजारी चढून बसली, भावजी मागे सामानात. पुढचं दार उघडं होतं आणि जावेने आतून हाक मारली. कुत्रं गेलं. कधी गाडीत बसलेलं नव्हतं ते, माझ्या पदरातून आलं तेव्हाची एसटी सोडली तर. त्याने वास घेतला. मग मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन पंजे टेम्पोच्या पायरीवर ठेवले. जावेने हात पुढे केला. "ये, ये माझ्या राजा, चढ."

त्याच्या मागच्या पायांनी अंग गोळा केलं. ते उडी मारणार होतं. ज्या कुत्र्याला माझ्या घराचा उंबरा ओलांडवला नाही, ते तिच्या टेम्पोत चढत होतं.

मी म्हटलं, "हाड."

ओरडले नाही. रोज म्हणते त्या आवाजात म्हटलं. त्याचे पंजे पायरीवरून खाली आले. ते दोन पावलं मागे सरकलं आणि टेम्पोच्या दारापासून नेमकं अंतर ठेवून खाली बसलं.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती ती परत बंद केली. जावेने पुन्हा नाव घेतलं. कुत्र्याने कान हलवले, अंग थरथरलं, पण जागचं हललं नाही. मागून भावजींचा आवाज आला, "वयनीचं कुत्रं हाय ते. चला."

जाऊ खाली उतरली. रडत होती, पण आवाज सरळ होता. "अक्का, एवढंच सांगा. तुमी त्याला थांबवलं का हाकललं?"

माझ्याकडे त्याला थांबवायचा शब्दच नव्हता. कधी लागला नव्हता. "थांबलं ना?" मी म्हटलं. "मग झालं."

ती कुत्र्यापाशी बसली, त्याच्या कानामागे खाजवलं. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "हितं बाहेर ठिवू नका त्याला. माझ्या घरात झोपवा. माझी एक गादी ठिवून जाते, तो काय एकटा ऱ्हाणार न्हाई, तुमी जवळ झोपा." तिने भावजींना सांगून टेम्पोतली एक गादी खाली काढायला लावली.

टेम्पो फाट्याच्या रस्त्याला लागेपर्यंत कुत्रं त्याच्या मागे वाडीच्या टोकापर्यंत गेलं. मी हाक मारली नाही. न आलं असतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही. ते आलं. शेळ्या सोडायची वेळ झाली होती.

तेव्हापासून मी जावेच्या घरात झोपते. दिवेलागणीला चुलीवरचं आवरते, मालकांचं ताट वाढते, किल्ली घेते आणि अंगण ओलांडते. कुत्रं माझ्या आधी आत शिरतं. पहिले काही दिवस ते सगळं घर हुंगत फिरायचं, मोरीपासून पलंगाखालपर्यंत. आता फिरत नाही. दाराच्या आतल्या अंगाला, ती पाय पसरून बसायची तिथे, दाराकडे तोंड करून झोपतं. माझ्या गादीपासून लांब. मी त्याला जवळ बोलावत नाही. आलं नाही तर उगाच वाईट वाटेल.

जावेचा रोज फोन येतो. "जेवला का?" ती विचारते, माझी चौकशी त्यानंतर. मी मोबाईलचा आवाज मोठा करून जमिनीवर ठेवते. ती त्याच्याशी बोलते, तिसऱ्या मजल्यावरून खालचं काय काय दिसतं ते सांगते. ते उठतं, फोन हुंगतं, मग बंद दाराच्या फटीला नाक लावून उभं राहतं. मला ते बघवत नाही, पण मी फोन कापत नाही.

काल सकाळी मी गादी गुंडाळून आले तर मालक ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. "कुत्र्यानं घर बदललं," ते म्हणाले, "आन् त्याच्या मागं मालकीणबाईनंबी. उद्या मी कुटं जाऊ?"

"चहा घ्या गप."

"आगं, ते तिची वाट बघतंय. कशाला धरून ठिवलंस? शनिवारी मी पुण्याला चाललोय, पोच करतो."

मी चहाचं आधण ठेवलं. कुत्रं परसात दगडापाशी उभं राहून तूप लावलेली चानकी खात होतं.

"वाट बघायची आसंल तर बघू दे," मी म्हटलं. "पण हितं बसून बघू दे."